मोठा पगार घेऊन राहायचं कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मित्र, मित्रांचे मेहुणे आणि दिवाळीत भेटणारे भाचे विचारत आले आहेत. विचारणारा बहुतेकदा पस्तिशीचा असतो, आयटीतला, बँकेतला किंवा औषध कंपनीतला. घरात दोघं, एक मूल, आईवडील नाशिकला किंवा सांगलीला. हातात दोन ऑफर असतात आणि कंपनीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं असतं. मी आधी दुबईत, मग म्युनिकमध्ये राहिलो, आता पुण्यात आहे. मी सीए नाही. सही करण्याआधी त्या देशातल्या टॅक्स सल्लागाराला तासाभराची फी द्या, नंतर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. जिथे वर्ष लिहिलेलं नाही तिथले आकडे 2025 चे आहेत.

मोठा पगार म्हणजे नक्की किती?

सरकारांनीच रेषा आखून ठेवल्या आहेत, त्या बघा. दुबईत दरमहा 30,000 दिरहम मूळ पगार असेल तर दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाचं दार उघडतं. सिंगापुरात महिना 12,000 सिंगापूर डॉलर असेल तरच आईवडिलांना लांब मुदतीच्या पासवर आणता येतं. जर्मनीत वर्षाला 73,800 युरोच्या वर गेलात की सरकारी आरोग्य विमा सोडून खासगी घेण्याची मुभा मिळते. ब्रिटनमध्ये उलटी गंमत आहे, 1,00,000 पौंडांनंतर सरकार एकेक सवलत काढून घ्यायला लागतं. तुमची ऑफर अशा रेषेच्या जरा खाली असेल, तर पगाराची घासाघीस तिथे करा. शंभर-दोनशेच्या फरकाने आयुष्य बदलतं ते याच ठिकाणी.

ऑफरचा आकडा रुपयांत गुणला तर चालेल का?

गुणाकार सगळेच करतात, सासरे तर फोनवरच करतात. मग कुणीतरी शहाणा सांगतो, की क्रयशक्ती बघा. भारतात साधारण वीस रुपयांत जेवढं येतं, तेवढ्याला अमेरिकेत एक डॉलर लागतो. दोघंही अर्धे बरोबर आहेत.

माझा नियम असा, की जो पैसा तिथे खर्च होणार त्याला क्रयशक्तीचा हिशोब लावायचा आणि जो उरून इकडे येणार त्याला बाजारातला दर. पगार जेवढा मोठा, तेवढा उरणारा भाग मोठा, म्हणून मोठ्या पगाराला सासऱ्यांचा गुणाकार जास्त लागू पडतो. शिवाय क्रयशक्तीचा आकडा सरासरी घराच्या टोपलीवरून काढतात. बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट, इंटरनॅशनल शाळा आणि आयफोन असलेल्या घराची टोपली सरासरी नसते. फोनची किंमत तर पुण्यात जास्तच पडते. स्वस्त पडतो तो माणसांचा वेळ. पोळ्यांच्या मावशी, ड्रायव्हर, मुलाला सांभाळणाऱ्या ताई, रविवारी घरी येणारा इलेक्ट्रिशियन. म्युनिकमध्ये एक नळ दुरुस्त करून घेतला त्याचं बिल मी अजून जपून ठेवलं आहे.

दुबईत टॅक्सच नाही. मग विचार कसला करायचा?

पगारावर टॅक्स नाही हे खरं. 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे, तो जाणवत नाही. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 ला एक, त्यामुळे रुपया घसरला की तुमची बचत आपोआप फुगते. मुंबईला तीन तासांत पोचता. घड्याळात दीड तासाचाच फरक, आईशी रात्रीचं जेवण झाल्यावर बोलता येतं.

पण जो टॅक्स सरकार घेत नाही, तो शाळा आणि घरमालक घेतात. बाहेरून आलेल्यांच्या मुलांसाठी जवळजवळ सगळ्या शाळा खासगी. सीबीएसईची शाळा परवडते, ब्रिटिश अभ्यासक्रमाची दोन मुलांची फी बघितली की जर्मनीतला टॅक्स आठवतो. घरभाडं वर्षाचं, पुढच्या तारखांच्या चेकनी. जितके कमी चेक तितकं भाडं कमी. पेन्शन नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दरसाल 21 दिवसांचा मूळ पगार आणि पुढे 30 दिवसांचा. लक्षात घ्या, मूळ पगार. म्हणून ऑफरमध्ये मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील तर भांडा. गोल्डन व्हिसाही त्याच आकड्यावर अडतो.

आणि कितीही वर्षं राहिलात तरी नागरिकत्व जवळपास अशक्य. दुबई हे उत्तम हॉटेल आहे. तिथून चेक-आउट करायचंच आहे हे मनाशी धरून गेलेले लोक तिथे सुखी दिसले.

सिंगापूर म्हणजे टॅक्स भरून दुबई, असं म्हणतात ते बरोबर का?

टॅक्सही फार नाही. वर्षाला 1,80,000 सिंगापूर डॉलर पगारावर, काही सवलत न धरता, साधारण 17,550 डॉलर. म्हणजे दहा टक्क्यांच्याही आत. परदेशी माणसाला सीपीएफ, म्हणजे तिथला प्रॉव्हिडंट फंड, लागू नाही. कापलंही जात नाही आणि कंपनीचे 17 टक्केही मिळत नाहीत.

खर्च कुठे आहे ते सांगतो. गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यायचा, त्याचाच भाव एक लाख डॉलरच्या वर गेलेला आहे. गाडी विसरा, मेट्रो झकास आहे. घर घ्यायचं तर परदेशी माणसाला एप्रिल 2023 पासून 60 टक्के जादा स्टॅम्प ड्युटी. तेव्हा घरही विसरा. राहता राहिला प्रश्न मुलाचा. आईवडिलांमुळे पीआर, म्हणजे कायम रहिवासी, झालेल्या मुलाला दोन वर्षं लष्करी सेवा सक्तीची आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना पीआरचा अर्ज करताना हे कुणाच्या मनात येत नाही. तो सोळाचा झाला की रात्री झोप लागत नाही.

जर्मनीत अर्धा पगार कापला जातो ना?

अर्धा नाही. 1,00,000 युरो पगारावर एकट्या माणसाच्या हातात साधारण 58,000 पडतात. जोडीदार कमवत नसेल तर नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून अर्धं-अर्धं करतात, मग 67,000 च्या आसपास. यात आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विमा आले. मुलामागे महिना 255 युरो सरकार देतं, पगार कितीही असो. शाळेला फी नाही, सरकारी विद्यापीठात जवळपास नाही. दुबईच्या आकड्याशी तुलना करायची तर हे सगळं जमेला धरून करा.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. गंमत वाटते, पण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर आयकराच्या 8 ते 9 टक्के चर्च टॅक्स लागतो. वसईच्या एका मित्राला हे पहिल्या पगाराच्या पावतीवर कळलं.

जर्मन शिकावंच लागतं. ऑफिसात इंग्रजीवर निभतं. डॉक्टर, घरमालक आणि नगरपालिका यांच्यापुढे निभत नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळतो, बी-1 पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनीच. मोठ्या पगाराच्या माणसाला एवढ्या लवकर पाय रोवू देणारे देश कमी आहेत.

स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स?

हातात पडणाऱ्या रकमेत स्वित्झर्लंड युरोपात अव्वल, आणि खर्चातही. टॅक्स कॅंटनवर, म्हणजे तिथल्या राज्यावर, अवलंबून असतो. झूगमध्ये राहून झ्युरिकला रेल्वेने येणारे लोक याच हिशोबाने येतात. आरोग्य विमा कंपनी देत नाही, प्रत्येकाचा स्वतंत्र, अगदी तान्ह्या बाळाचाही. शेअर विकून झालेल्या नफ्यावर सामान्य गुंतवणूकदाराला टॅक्स नाही, उलट साठलेल्या संपत्तीवर दरवर्षी थोडा आहे. युरोपबाहेरच्यांसाठी परवान्यांचा वार्षिक कोटा 8,500 आणि कायम वास्तव्याला भारतीयांना साधारण दहा वर्षं. पाळणाघराची फी ऐकून एका मैत्रिणीने नोकरीच सोडली.

नेदरलँड्सची ओढ आहे ती 30 टक्के सवलतीची. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाच्या पगाराचा 30 टक्के भाग पाच वर्षं करमुक्त. 2027 पासून तो 27 टक्के होणार. पाच वर्षं संपली की 49.5 टक्क्यांची वरची पायरी पूर्ण लागते आणि घरात एकदम शांतता पसरते. सहाव्या वर्षाचा पगार आजच काढून बघा.

अमेरिकेतला पगार सगळ्यांत मोठा. तरी लोक का कुरकुरतात?

पगाराबद्दल कुरकुर नाहीच. टेक्सास किंवा वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात वरची पायरी 13.3 टक्क्यांपर्यंत जाते. तरीही सीनियर इंजिनिअरला जे उरतं ते युरोपात उरत नाही.

कुरकुर आहे ती रांगेची. नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डं, त्यातली एका देशाला 7 टक्के. भारताला आणि आइसलँडला मर्यादा सारखीच. 2025 च्या मध्यावर ईबी-2 या उच्च पदवीधरांच्या वर्गात भारतीयांचा नंबर जानेवारी 2013 मध्ये अर्ज केलेल्यांपर्यंत आला होता. आज रांगेत उभा राहणाऱ्याने स्वतःच गणित करावं. दरम्यान, अवलंबित व्हिसावरचं मूल 21 वर्षांचं झालं की रांगेतून बाहेर. सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-1बी अर्जावर 1,00,000 डॉलरचं शुल्क लावलं गेलं, तेव्हा ती ऑफर कोणत्या व्हिसावर आहे हे पहिल्याच फोनवर विचारा.

अजून एक. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, 6.2 टक्के पगारातून जातात. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे दहा वर्षांआधी परतलात तर त्या पैशावर पाणी. जर्मनीशी भारताचा असा करार 2017 पासून लागू आहे.

लंडनमध्ये 1,10,000 पौंड मिळताहेत. चांगलं की वाईट?

विचित्र. 1,00,000 ते 1,25,140 या पट्ट्यात करमुक्त रक्कम हळूहळू काढून घेतात, त्यामुळे त्या तुकड्यावर प्रत्यक्ष 60 टक्के टॅक्स बसतो, वर 2 टक्के नॅशनल इन्शुरन्स. आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न लाखाच्या वर गेलं की लहान मुलाच्या पाळणाघराचे तीस मोफत तासही जातात. तिथले लोक वरची रक्कम पेन्शनमध्ये वळवून 99,999 वर थांबतात. पगारवाढ नको म्हणणारे इंजिनिअर मी फक्त लंडनलाच पाहिले. कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहा करण्याचा प्रस्ताव सरकारने 2025 मध्ये मांडला आहे, तोही हिशोबात धरा. बाकी लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, एकटेपणाची भीती नको.

नोकरी गेली तर?

हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा, पण तो विचारत कुणी नाही. ऑफर हातात असताना अशुभ वाटतो.

अमेरिकेत 60 दिवस. ब्रिटनमध्येही साधारण तेवढेच. सिंगापुरात एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की साधारण 30 दिवस. दुबईत प्रकारानुसार 60 ते 180 दिवस, आणि गोल्डन व्हिसा असेल तर घाईच नाही, कारण तो कंपनीला बांधलेला नसतो. जर्मनीत ब्लू कार्डवर साधारण तीन महिने शोधायला मिळतात, आणि किमान बारा महिने विमा भरला असेल तर हातात पडणाऱ्या पगाराच्या 60 टक्के बेकारी भत्ता, मूल असेल तर 67 टक्के. मोठ्या पगाराला त्यावर कमाल मर्यादा आहे, पण घर चालतं.

माझी दुबईतली नोकरी एका मंगळवारी गेली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, पद्धत सगळीकडे तीच. चार चेक घरमालकाकडे, सत्राची फी शाळेत भरलेली, गाडीचं कर्ज अर्धं. बँकेला कळताच खातं गोठवलं गेलं आणि शेवटचा हिशोब जमा होऊनही हात लावता येईना. तेव्हा बायकोने नाशिकच्या वडिलांकडून पैसे मागवले. टॅक्स शून्य असलेल्या देशात सहा वर्षं राहून सासऱ्यांकडून उसने घेतले. म्हणून आता कुणी तक्ता घेऊन आलं की मी पगाराच्या शेजारी एक रकाना काढायला लावतो: पगार थांबल्यापासून किती दिवस आणि कशावर. बहुतेकांचा क्रम त्या रकान्याने बदलतो.

बायकोच्या नोकरीचं काय? नवऱ्याच्या म्हणा हवं तर.

जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. सिंगापुरात मे 2021 पासून जोडीदाराला स्वतःचा वेगळा वर्क पास मिळवावा लागतो. अमेरिकेत एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाची परवानगी मिळते, पण ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच, त्यात वर्षं जातात. एक मोठा पगार आणि एक थांबलेलं करिअर, याची बेरीज दोन मध्यम पगारांपेक्षा कमी भरते. पैशात तर भरतेच, घरातल्या संध्याकाळी मोजल्या तर आणखी कमी.

आईवडिलांना नेता येईल का?

भेटीला सगळीकडे. कायमचं म्हणाल तर दुबईत पगाराच्या अटीवर वर्षावर्षाने, सिंगापुरात वर सांगितलेल्या रेषेवर. अमेरिकेत तुम्ही नागरिक झाल्यावर, म्हणजे वरची रांग आठवा. जर्मनीने 1 मार्च 2024 नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल लोकांना आईवडील आणायची सोय केली. अडतं ते सत्तरीतल्या माणसाचा आरोग्य विमा काढण्यावर. ब्रिटनमध्ये जवळजवळ नाहीच.

पण आईला यायचं आहे का, हे आधी विचारा. माझी आई म्युनिकला तीन महिने राहिली. रविवारी सगळी दुकानं बंद, खिडकीखाली माणूस नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "इथे भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करता येत नाही रे."

मुलांचं मराठी टिकेल का?

घरात बोललात तर. सिंगापूरच्या सरकारी शाळेत मातृभाषेचा विषय सक्तीचा; तमिळ आहे, शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात, मराठी नाही. मराठी मुलं बहुतेक हिंदी घेतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, शनिवार-रविवारच्या, आईबाबांच्या घामावर चालणाऱ्या. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात चौथीच्या गुणांवर मुलाची शाळेची वाट ठरते, त्यामुळे आठव्या वर्षी दाखल झालेल्या मुलाला जर्मनसाठी दोनच वर्षं मिळतात. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जाणं आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जाणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्याचं व्याज करमुक्त असतं ना?

भारतात. फक्त भारतात. अमेरिका आणि जर्मनी जगभरातलं उत्पन्न मोजतात, त्यात हे व्याजही येतं. दुबईत प्रश्न नाही, सिंगापुरातही व्यक्तीच्या परदेशी उत्पन्नाला सूट आहे. अमेरिकेत जाणाऱ्यांनी भारतातल्या म्युच्युअल फंडांचं काय करायचं हे विमानात बसण्याआधी ठरवावं. तिथला कायदा त्यांना इतकं वाईट वागवतो की वर्षाला फॉर्म भरण्याची फीच नफा खाते. परदेशातल्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर कधीही गेलं तर तेही कळवावं लागतं. बाबांबरोबरचं जॉइंट खातंही त्यात धरतात.

तिकडचा पासपोर्ट घेतला तर गावची जमीन जाते का?

जात नाही. वारसाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला ठेवता येते, सातबाऱ्यावर नाव राहतं. नवी विकत घेता येत नाही. जर्मनीने 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, पण भारत मानत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट परत करावाच लागतो. तो खिडकीतून आत सरकवताना हात थोडा थांबतो, एवढं सांगतो.

पुण्यातच 50 लाख मिळत असतील तर?

2025-26 साठी नव्या पद्धतीने त्यावर साधारण 11 लाख टॅक्स, म्हणजे 22 टक्के. हा दर जर्मनीत एकट्या माणसाच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या वाट्यापेक्षा बराच कमी आहे, पण बदल्यात शाळा, दवाखाना आणि पेन्शन तुमचं तुम्ही बघायचं. रस्त्याचं तर बोलायलाच नको. तरी वर सांगितलेला रकाना इथेही भरा. पगार थांबला तर किती दिवस? इथून कुणी जा म्हणत नाही. हिंजवडीचा ट्रॅफिक त्या एका ओळीपुढे मला सहन होतो, सगळ्यांना होईल असं नाही.

परत येताना काय सांभाळायचं?

तारीख. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला साधारण दोन, काहींना तीन वर्षं असा दर्जा मिळतो की परदेशातल्या उत्पन्नावर इथे टॅक्स लागत नाही. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस राहिलात का, असा हिशोब असतो, म्हणून सप्टेंबरात यायचं की ऑक्टोबरात यावर एका वर्षाचा टॅक्स फिरू शकतो. तिकडची गुंतवणूक त्या काळात मोकळी करा. दुबईतून येणाऱ्यांनी भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर आहे का तेही बघावं, त्यासाठी वेगळा नियम आहे.

सही करण्याआधी कंपनीकडे काय मागू?

पगार दोन टक्क्यांनी वाढवून मागण्यापेक्षा नोटीस तीन महिन्यांची मागा, दोन्ही बाजूंनी. शाळेची फी कंपनी थेट भरेल का विचारा. काढून टाकलं तर कुटुंबाची परतीची तिकिटं आणि सामानाचा खर्च लेखी घ्या. जर्मनीला निघाला असाल तर सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी सुसज्ज घर मागा, कारण भाड्याच्या घरात ओटा, सिंक आणि दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. आम्ही पहिले अकरा दिवस इंडक्शनची एक शेगडी जमिनीवर ठेवून पोळ्या केल्या.